रिझर्व्हमामा आणि उडत्या घरातला शिपाई

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही जमलं नाही, आणि आता लोकांच्या भाकरी थापून थापून हात जड झालाय, त्यामुळे अक्षर कोंबडीच्या पायासारखं येतं. चुकीबद्दल माफी असावी. चार माणसांत मला तोंड उघडता येत नाही, म्हणून वहीत लिहिते. कोणी वाचलंच, तर हसावं पण मला सांगू नये.

तर आमच्या शेजारचे रिझर्व्हमामा. खरं नाव गणपत, पण आमच्या भुकूम गावात त्या नावानं विचारलंत तर कोणी घर दाखवणार नाही.

रोज सकाळी सहाच्या ठोक्याला मामा ओट्यावर एक काळी पत्र्याची पेटी आणून ठेवतात. कुलूप काढतात. दोन खाकी शर्ट, एक कांबळं, ताट, मग, बुटाचं पॉलिश, सुईदोरा, हातभर आरसा, सगळं ओळीनं ओट्यावर मांडतात. मग समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघून ओरडतात, "सामान पुरं! गडी हाजिर!" आणि सगळं परत पेटीत. हे मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून बघतेय. पहिल्या दिवशी मी घाबरून घरात पळाले होते. आता त्या आरोळीवर मी चहाचं आधण ठेवते.

मामा तरुणपणी सात वर्षं पलटणीत होते. तिथून सुटल्यावर त्यांना रिझर्व्हमध्ये ठेवलं. म्हणजे घरी राहायचं, शेती करायची, पण सरकारचं पत्र आलं की पेटी उचलून निघायचं. मधे एकदा दोन महिन्यांसाठी बोलावलंही होतं म्हणे. त्यानंतर पत्र आलं नाही. मामांचं आता पंचाहत्तरीच्या पुढं वय. गुडघे वाजतात, वरचे दात गेलेत. पण मामांचं म्हणणं एकच. "हुकूम म्हंजे हुकूम. ॲड्रेस सोडायचा न्हाई."

ॲड्रेस सोडायचा नाही म्हणजे काय, तर रात्रीचा मुक्काम बाहेर करायचा नाही. पत्र आलं आणि गडी घरी नसला तर? त्यामुळे मामा कुठल्याच लग्नाला शेवटपर्यंत थांबत नाहीत. जवळच्याच रिहे गावी त्यांच्या भाचीचं लग्न होतं, संध्याकाळचा मुहूर्त. मामा दुपारी बाराला गेले, मांडवात अजून खुर्च्या उतरत होत्या. नवरी तोंडाला हळद लावून बसली होती. मामांनी खिशातून अक्षता काढल्या, तिच्या डोक्यावर टाकल्या, "सुकी ऱ्हा" म्हणाले आणि आचाऱ्याकडून कच्ची बुंदी मागून घेऊन चारच्या गाडीनं परत. भाची अजून सांगते, "माझं लगीन मामानं आदीच लावलं, नवरा मागनं आला."

पेटीत अजून एक वस्तू असते, ती मामीची. चिवड्याचा डबा. गाडीत भूक लागेल म्हणून. दर शनिवारी मामी नवा चिवडा करते, डबा बदलते, आणि जुना चिवडा आमच्या घरी येतो. इतकी वर्षं मी तो सरकारी चिवडा खातेय. शेंगदाणे जास्त असतात.

मामांनी घरामागं आठ खोल्या काढून भाड्यानं दिल्यात. कंपनीत जाणारी मुलं-मुली राहतात. रविवारी सकाळी मामा शिट्टी मारून त्यांना अंगणात उभं करतात. ह्याला ते हजेरी म्हणतात. बर्म्युड्यातली, डोळे चोळणारी सहा फुटी पोरं ओळीत उभी राहतात आणि मामा एकेकाच्या पायाकडं बघत जातात. "चप्पल कुटं हाय?" "काका, संडे आहे." "दुस्मन रविवार बगून येतुय व्हय रं?" पोरं हसतात, पण उभी राहतात. कारण हजेरी झाल्यावर मामी पोहे देते.

एकच माणूस मामांच्या पुढं टिकला नाही, तो म्हणजे टपालवाला. त्याची मोटारसायकल गल्लीत वाजली की मामा ओट्यावर सावधान. एकदा एका बुटात उभे होते, दुसरा पाय ओला. पण आपण सावधान आहोत तर समोरचाही हवा. "शर्टाचं बटन लाव. टाच जुळव. आता बोल, काय आनलंस?" बिचाऱ्यानं लाइटबिल आणलेलं. तेव्हापासून तो मागच्या बोळानं येतो आणि सगळ्या गल्लीचं टपाल माझ्या खिडकीत टाकून पळतो.

आता कार्टूनचं सांगते.

वरच्या खोलीत प्रिया नावाची मुलगी राहते, नागपूरकडची. रविवारी दुपारी मी तिच्या भाकरी द्यायला गेले होते. मामा तिथंच, नळ टपकतो म्हणून पाना घेऊन आलेले. प्रिया भात खात खात लॅपटॉपवर काहीतरी बघत होती.

"ह्ये काय बगतियास?"

"जुनं कार्टून आहे काका. फ्यूचरमधली फॅमिली. लहानपणी खूप बघायचे मी."

आकाशात खांबांवर घरं, घराघरातून उडत्या मोटारी, आणि भांडी घासायला चाकावरची यंत्राची बाई. मामांनी नाक मुरडलं. "लहान पोरांचं" म्हणाले आणि नळाकडं वळले. तेवढ्यात त्या कार्टूनमधल्या घरच्या माणसाला सरकारचा निरोप आला. काही दिवस फौजेत हजर व्हा!

मामांच्या हातातला पाना खाली पडला. माझ्या अंगठ्यावर. मी ओरडलेसुद्धा नाही, कारण मामांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"थांब! मागं घे. परत लाव."

प्रियानं परत लावलं. त्या माणसाला परत निरोप आला. मामांनी सहा वेळा निरोप आणवला. मग बसून अख्खा भाग बघितला. नळ टपकत होता.

"सुमन, बगितलंस?" मला म्हणाले. "पुढल्या शतकातली गोष्ट हाय. मोटारी उडाया लागल्या, तरी रिझर्व्हवाल्याला बोलावनं येतंच. आन् गावातली मला खुळा म्हनत्यात."

त्या दिवसापासून मामांना दुसरा विषय राहिला नाही. प्रियानं तो भाग मामांच्या टीव्हीत घालून दिला. रोज संध्याकाळी तोच. गल्लीतल्या बायकांना चहाचं आमिष दाखवून बसवलं. कार्टूनमधला सुभेदार पडद्यावर आला की मामा उठून सावधान उभे राहणार, तो गेला की बसणार. तो सारखा येतो-जातो, मामांचे गुडघे सारखे वाजतात, आम्हाला निम्मं ऐकू येत नाही.

मामा बाजूनं सांगत असतात. "खाटंची चादर बगा कशी वढलीया, येक सळ न्हाई. बरोबर हाय. आन् ह्यो बगा, ह्यो त्येच्या कंपनीचा मालक. त्यो बी त्याच बराकीत. मालक आन् नोकर शेजारी शेजारी वरडा खात्यात. ही फौज! समदं खरं दावलंय, काडीचं खोटं न्हाई."

मामी कोपऱ्यात लसूण सोलत बघते. ती एकदाच बोलली. "यंत्राची मोलकरीन हाय घरात, तरी नवऱ्याची पिशवी बायकोच भरतीया. मंजे पुढल्या शतकात बी आमची सुटका न्हाई."

बायका इतक्या हसल्या की सुभेदार येऊन गेला तरी मामांना कळलं नाही.

त्याच आठवड्यात शेजारच्या प्लॉटवर बिल्डरची माणसं मोजणीला आली. त्यांचा ड्रोन आमच्या गल्लीवर घोंघावायला लागला. मामा ओट्यावरून धावत अंगणात, हात कपाळाला, मान वर. "गडी हाजिर!" ड्रोन खाली आला, मामांच्या डोक्यावर दोन घिरट्या घातल्या, आणि निघून गेला. मामा म्हणाले, "नोंद करून गेला." मामी दारातून बघत होती. तिनं आत जाऊन चिवड्यासाठी पोहे चाळायला घेतले. शनिवार नव्हता तरी.

इथपर्यंत सगळी गंमत होती. पण मामांची लेक सुनंदा सांगलीला दिली आहे. लग्नाला अठरा वर्षं झाली. ती इकडं येते, पण मामी तिच्या घरी एकदाही राहिली नाही. जाऊन त्याच दिवशी यायचं म्हटलं तर सांगली लांब. मामा म्हणायचे, "तू जा की." मामी म्हणायची, "माज्या मागं ह्यास्नी भाकर कोन घालनार?" मी घातली असती, पण मामीला न जायला कारण हवं असतं असं मला वाटे. आता सुनंदानं स्वतःचं घर बांधलं. वास्तुशांत ठरली. माहेरचा आहेर आईबापांनी जोडीनं द्यायचा असतो, एकटीनं जाऊन चालत नाही. सुनंदा फोनवर रडली. "आई, एवढे चार दिवस तरी ये गं. मला तुला माझा स्वयंपाकाचा ओटा दाखवायचाय." फोन ठेवून मामी बराच वेळ फडक्यानं तोच फोन पुसत होती.

त्या संध्याकाळी कार्टून लागलं होतं. शेवटी त्या उडत्या घरातल्या माणसाला फौजेतून सोडतात, तो घरी येतो. मामीनं लसूण खाली ठेवला.

"आवं, ह्येला सोडलं की."

"मग?"

"मंजे रिझर्व्हवाल्याला बी सोडत्यात. मग तुमास्नी चार दिस का न्हाई सोडनार?"

मामा गडबडले. "ते पुढल्या शतकातलं हाय."

"मग सुनंदाची वास्तुशांत पुढल्या शतकापतुर थांबवायची व्हय?"

"कार्टून हाय ते."

"तुमीच म्हनला, काडीचं खोटं न्हाई."

मामांनी टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी मामा दळणाला गेल्यावर मामी मला घेऊन प्रियाकडं गेली. चिवड्याचा डबा बदलताना पेटीतल्या पिवळ्या सरकारी पाकिटावरून तिनं पत्ता आणि मामांचा फौजेतला नंबर काढून आणला होता. ती सांगत गेली आणि प्रिया लिहीत गेली. मला अजून पाठ आहे.

"साहेबांना रामराम. मी गणपत यांची मंडळी. आमच्या मालकांना चार दिवस सुट्टी द्यावी. लेकीची वास्तुशांत आहे. ते इतकी वर्षं हजर आहेत, खाडा नाही. तेवढ्यात लढाई लागली तर मी त्यांना सांगलीहून परस्पर लावून देईन. कपडे सोबत घेते."

प्रिया हसू दाबत होती. पण मामीनं सही करायला पेन घेतलं, पदरानं हात पुसला आणि आपलं नाव एक एक अक्षर काढलं, तेव्हा प्रिया हसायची थांबली.

पत्र गेलं. मामांना पत्ता नाही. मी भाकरी थापताना खिडकीकडं कान देऊन असायची. वास्तुशांत रविवारी. त्याआधीच्या बुधवारी मोटारसायकल बोळात वाजली आणि खिडकीतून एक लांब पाकीट आत पडलं, थेट पिठाच्या परातीत. वर शिक्का. आत इंग्रजी.

मी तशीच पिठाच्या हातानं प्रियाकडं पळाले. तिनं वाचलं. परत वाचलं.

"ताई, ह्यात लिहिलंय की काकांची रिझर्व्हची सर्व्हिस केव्हाच संपलीये. फोर्टी इयर्सच्या वर झाले. तेव्हाच त्यांना कळवलं होतं. त्यांना कुठल्याही सुट्टीची गरज नाही. फॅमिलीला शुभेच्छा दिल्यात."

मी जिन्यातच बसले. हे मामीला सांगायचं? इतकी वर्षं एक रात्र बाहेर काढली नाही, लेकीची चूल बघितली नाही, आणि हुकूमच नव्हता म्हणून? आणि मामांना सांगायचं? रोज सहाला ज्या रस्त्याला ते हाजिर म्हणतात, त्या रस्त्यावरून कोणी येणारच नाही म्हणून? मला साधं भाजीवाल्याला "जुडी सडकी आहे" म्हणता येत नाही. माझ्याच खिडकीत हे पत्र कशाला पडावं?

मामा मागे टाकीजवळ बूट पॉलिश करत बसले होते. मी नुसतं पाकीट पुढं केलं. बोलणं जमलंच नसतं. त्यांनी शिक्का बघितला. उघडलं नाही.

"कुनी लिवलं हुतं?"

"मामीनं. सुट्टी मागितली तुमच्यासाठी."

मामांनी ब्रश खाली ठेवला.

"वाचलंस?"

"प्रियानं वाचलं. तुमचं रिझर्व्ह..."

"संपलंय. म्हाईत हाय मला." मामा हळू बोलत होते. मामांना हळू बोलता येतं हेच मला माहीत नव्हतं. "रिझर्व्हची पयली आठ वर्सं सरकारची हुती. पुढली समदी माझी."

मी उभीच.

"बस खाली. लगीन केलं आन् तिसऱ्या दिसी मी गाडीत बसलो. सात वर्सं. सुट्टीत यायचो तवा ही चुलीपाशी अन् मी वसरीवर, बोलायचं कसं? सुटून आलो, रिझर्व्ह बी सरलं, आन् थोरला भाऊ आला. त्यो मुंबईला जेवनाचं डबं पोचवायचा. आपल्या हिकडची समदी गडी तवा मुंबईलाच. म्हनला, चल, जागा बगून ठिवलीया. बायका गावाकडं ऱ्हात्यात, तशी तुजी बी ऱ्हाईल." मामांनी बुटावर फुंकर मारली. "मला न्हाई जायाचं हुतं. पर बायकोपाशी ऱ्हातो म्हनायची सोय हुती का गं तवा? गावानं शेन घातलं असतं तोंडात. म्हनलं, रिझर्व्हचा हुकूम हाय, ॲड्रेस सोडता येत न्हाई. भाऊ एकटाच गेला."

"आणि मामी?"

"तिला बी तेच सांगितलं. मग पेटी रोज भराया लागली. नुसतं तोंडानं सांगून कोन इस्वास ठिवतंय? भाऊ वारला, समदी वारली, तरी थांबता येईना. आज सांगितलं तर ती म्हनंल, मग मला लेकीचं घर का दावलं न्हाई तुमी?" त्यांनी पॉलिशच्या डबीचं झाकण लावलं. "ते बी खरंच हाय."

घरातून मामीची हाक आली. "सुमन आलीया का गं? टपालवाला येऊन गेला न्हवं?"

मामा उठले. गुडघे वाजले. पाकीट माझ्या हातात कोंबलं आणि कानाशी म्हणाले, "तूच वाच तिच्या म्होरं. सुट्टी मंजूर म्हन. चार दिस."

"मामा, मला इंग्रजी येत नाही!"

"तिला बी येत न्हाई. हुकूम हाय."

मामी ओट्यावर येऊन बसली. दोन्ही हात पदराला पुसून मांडीवर ठेवले. गुरुजींनी चौथीत उभं केलं होतं तेव्हा मी रडले होते, त्यानंतर मोठ्यानं वाचायची पाळी आलीच नव्हती. मी कागद उघडला. माझ्या पिठाची बोटं त्यावर उमटली होती. मामा माझ्या मागं सावधान उभे.

"लिहिलंय की," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला, "गणपत यांनी चोख नोकरी केली. एक दिवस खाडा नाही. त्यांना सुट्टी मंजूर आहे."

मामीचे ओठ हलले. "किती दिस?"

चार म्हणायचं होतं. पण मामी माझ्या तोंडाकडं अशी बघत होती. मी कागदात परत डोकं घातलं.

"महिन्याला चार."

मागं मामा खोकले.

"म्हैन्याला?" मामी म्हणाली. "नीट बग गं सुमन. वर्साला असंल."

"महिन्याला. खाली सही-शिक्का आहे मामी."

मामीनं कागद हातात घेतला, शिक्क्यावरून बोट फिरवलं, मग मामांकडं बघितलं.

"बगा. किती भली मानसं हायेत. आन् तुमी येवढी वर्सं इचारलंच न्हाई. नुसतं इचारायचं हुतं."

मामांचा सावधान मोडला. ते ओट्यावर तिच्याशेजारी बसले. भर दिवसा, रस्त्याकडं तोंड करून दोघं शेजारी बसलेली मी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती.

"व्हय," मामा म्हणाले. "इचारायचं ऱ्हायलं."